गिरधारीलालजींची रडकी तबकडी

"रडले! ऐका गं, शेठजी रडले!"

तुळजाबाईंनी आरोळी ठोकली आणि दिवाणखान्यातल्या सगळ्या बायांचे पदर एकदम डोळ्यांना लागले. मागं भिंतीला टेकून उभ्या असलेल्या पुरुषांनी हात जोडले. दारात चपलांचा एवढा ढीग पडला होता, की झेरॉक्सवाला पप्पू त्यातून वाट काढता काढता एका पायात स्वतःची आणि दुसऱ्या पायात कुणाची तरी लेडीज चप्पल घालून उभा होता. खिडकीच्या गजांना बाहेरून माणसं लोंबकळत होती. आणि या सगळ्यांच्या मधोमध, झेंडूच्या माळा घातलेल्या टीपॉयवर, एक जुना रेकॉर्ड प्लेअर शांतपणे फिरत होता.

तबकडीतून आवाज येत होता तो या घराचे मूळ मालक, कैलासवासी गिरधारीलालजी यांचा. अंबडच्या पेठेत त्यांचं सरकी-ढेपेचं, म्हणजे गुरांच्या खुराकाचं, मोठं दुकान होतं. गाण्याचा भारी नाद. त्या नादात त्यांनी स्वखर्चानं स्वतःच्या भजनांची तबकडी काढून घेतली होती. त्या तबकडीवर ते छान भजनं म्हणत. पहिलं भजन खणखणीत. दुसरं खणखणीत. तिसऱ्याच्या शेवटी आवाज जरासा घोगरा होई. आणि सुई अगदी आतल्या वर्तुळांपाशी आली, की शेठजी हमसून हमसून रडायला लागत.

"श्श्श्हं... खर्रर्र... श्श्हं..."

आणि मग त्या हुंदक्यांतून एकच शब्द उमटे.

"द्या... द्या... द्या... द्या..."

"मागून राह्यले!" टीपॉयशेजारी अर्धी मांडी घालून बसलेल्या नादानंद महाराजांनी उजवा हात वर केला. महाराजांच्या गळ्यात रुद्राक्षाची माळ आणि त्या माळेत, लॉकेट अडकवावं तसं, एका जुन्या स्पीकरचं गोल लोहचुंबक. "बालकांनो, आत्मा म्हणजे काय? आत्मा म्हणजे फ्रिक्वेन्सी! शेठजी किती वर्षं अंतराळात फिरून राह्यले, पण वर रेंज न्हाई. स्वर्गात टॉवर न्हाई! मंग आत्मा उतरला या सुईवर. सुई म्हणजे काय? सुई म्हणजे आत्म्याचं सिमकार्ड!"

"बराबर!" पप्पू म्हणाला. सिमकार्डं तोही विकत होता.

तेवढ्यात स्पीकरमधून "घुंSSSS" असा आवाज सुरू झाला. माणसं दचकून मागं सरकली. महाराजांनी डोळे मिटले, ओठ हलवले आणि दोन बोटं प्लेअरच्या सुई धरणाऱ्या चकचकीत दांड्यावर टेकवली. आवाज बंद. बोटं उचलली, आवाज सुरू. परत टेकवली, परत बंद.

"काळ आडवा येऊन राह्यला," महाराजांनी खुलासा केला. "त्याला दाबावं लागतं."

आणि मग त्यांनी रोजचा शेवटचा चमत्कार केला. ॲम्प्लिफायरचं बटण सरळ बंद करून टाकलं. लाल दिवा विझला, स्पीकर मुके झाले. तबकडी मात्र फिरत होती. "आता श्वास रोखा," ते कुजबुजले. सगळ्यांनी श्वास रोखला आणि त्या शांततेत, सुईच्या टोकापासून, डासाएवढ्या आवाजात गिरधारीलालजी म्हणत होते, "द्या... द्या... द्या..."

तुळजाबाई जमिनीवर आडव्याच झाल्या.

हे सगळं वंदना जिन्याच्या वरच्या पायरीवर बसून बघत होती. ती कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवायची आणि याच घराच्या वरच्या दोन खोल्यांत भाड्यानं राहायची. मूळची वाटूरची. नवऱ्यापासून वेगळी होऊन ती अंबडला आली, तेव्हा एकट्या बाईला खोली द्यायला पेठेत कुणी तयार नव्हतं. गिरधारीलालजींच्या पत्नी लाडबाई यांनी मात्र तिला नाव विचारलं, चहा पाजला आणि किल्ली हातात ठेवली. तेव्हापासून वंदना त्यांना दादी म्हणायची.

ही दादी आता गर्दीच्या पुढं खुर्चीत बसली होती. चेहरा ओढलेला, पायांवर सूज, डोळे तबकडीवर.

झालं होतं असं. दिवाळीला पुण्याहून नातू आला, अक्षत. त्यानं माळ्यावरचा आजोबांचा रेकॉर्ड प्लेअर उतरवला, पुसला, पट्टा बदलला. जुनी सुई मोडलेली होती, म्हणून ऑनलाइन नवी मागवली, नवा ॲम्प्लिफायर जोडला, आजीला एक भजन ऐकवलं आणि बस पकडून गेला. त्यानंतर लाडबाईंनी एका दुपारी तबकडी शेवटपर्यंत वाजू दिली आणि त्यांना नवऱ्याचे हुंदके ऐकू आले. त्यांनी ते तुळजाबाईंना सांगितलं. तुळजाबाईंनी ते पेठेला सांगितलं. पेठेनं भोकरदनकडून नादानंद महाराज आणले.

महाराजांनी दोन गोष्टी सांगितल्या. एक, "द्या" म्हणजे शेठजी आपलं हायवेवरचं गोदाम मागत आहेत, तिथं नादाश्रम व्हावा ही त्यांची इच्छा आहे. आणि दुसरी, एका घरात दोन सुया चालत न्हाईत. इन्शुलिनची सुई टोचली, की आत्म्याच्या सुईला वेदना होते आणि शेठजी जास्त रडतात.

लाडबाईंनी त्याच दिवशी इन्शुलिन सोडलं होतं.

वंदनानं सांगून पाहिलं, ओरडून पाहिलं. डॉक्टरांना घरी आणलं, तेही कपाळाला हात लावून गेले. मुलगा राधेश्याम, आता दुकान तोच बघायचा, तो तर जास्तच हळवा झाला होता.

"मॅडम, बापूजी जिवंत होते तेव्हा मी त्यांना काय दिलं? कायच न्हाई," तो म्हणायचा. "त्यांची ढेपेची मिल मी बंद केली. आता ते मागून राह्यले तर मी न्हाई म्हणू? सोमवारी बक्षीसपत्र करून टाकतो."

"राधेश्यामभाऊ, पण ते मागतायत हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"म्हणजे? तुम्ही ऐकलं न्हाई का? द्या, द्या म्हणून राह्यले ना साफ!"

ऐकलं तर वंदनानंही होतं.

तिनं अक्षतला फोन लावला.

"अक्षत, ती सुई तू बसवलीस कशी?"

"कशी म्हणजे? दोन स्क्रू होते मॅडम. आवळले."

"किती पुढं, किती मागं, तिरकी, सरळ, काही बघितलं?"

"व्हिडिओ होता तसा. पण लई लंबा होता. अर्धा बघितला."

"आणि दांड्याच्या मागचं वजन?"

"ते मी हलकंच ठेवलं. तबकडी घासू नये म्हणून. का, दादीला आवडलं न्हाई का?"

आजोबा त्या अर्ध्या व्हिडिओमुळं रडत आहेत, हे फोनवर सांगण्यात अर्थ नव्हता. वंदनानं उरलेला अर्धा व्हिडिओ स्वतः बघितला. मग आणखी चार बघितले. तिला आयुष्यात रेकॉर्ड प्लेअरशी काही देणंघेणं नव्हतं, पण दुसऱ्या व्हिडिओपासूनच ती पुढं सरकून बसली.

गोष्ट सोपी होती. तबकडीवर गाणं म्हणजे एक बारीक, नागमोडी खाच. बाहेरून आत गोल गोल जाणारी. सुई त्या खाचेतून चालते, थरथरते, आणि ती थरथर म्हणजेच आवाज. बाहेरचं वर्तुळ मोठं, तिथं खाच ऐसपैस. आतलं वर्तुळ लहान, पण एका फेरीला वेळ तेवढाच, म्हणजे तेवढेच शब्द तिथं दाटीवाटीनं कोंबलेले. सुई जिच्यात असते ती डबी वाकडी बसली असेल, तर बाहेर कसंबसं निभावतं. आत आल्यावर सुईला ती बारीक वळणं घेता येत नाहीत. आवाज फाटतो. सगळ्यात आधी फाटतात 'स' आणि 'श'. त्यातून वजन हलकं असेल तर सुई खाचेतून उडते आणि मागच्याच खाचेत पडते. मग एकच शब्द परत परत.

वंदनाला वाटूरच्या शेतातली पेरणीची तिफण आठवली. फण वाकडा बसला, की तिचे वडील पुंजाराम बैलांना शिव्या देत. बैलांचा काही दोष नसे.

सुई सरळ बसवायला एक कागद लागतो. त्यावर दोन ठिकाणी, मधे ठिपका असलेल्या, बारीक चौकटी छापलेल्या असतात. कागद तबकडीच्या जागी ठेवायचा, सुई आधी एका ठिपक्यावर टेकवायची, मग दुसऱ्या. दोन्हीकडं डबी चौकटीच्या रेघांना समांतर दिसली पाहिजे. कागद नेटवर फुकट होता. वंदनानं तो पप्पूच्या दुकानात छापून घेतला.

"हे काय मॅडम, कुंडली का?" पप्पूनं विचारलं.

"हो. सुईची."

त्या संध्याकाळी वंदना सरळ सत्संगात उतरली आणि म्हणाली, मला सुई तपासायची आहे. कुजबुज उठली. महाराज हसले. "तपासा, बिलकुल तपासा! विज्ञान पण आमचंच लेकरू आहे." वंदनानं कागद ठेवला, दोन स्क्रू सैल केले, ठिपके जुळवले, आवळले. घाम फुटला होता, पण रेघा जुळल्या. तिनं तबकडी लावली.

शेठजी दुसऱ्या भजनापासूनच रडायला लागले. शेवटाकडं तर त्यांनी असा काही गळा काढला, की खिडकीतली माणसंही घाबरून खाली उतरली.

"बघा!" महाराज उभेच राहिले. "विज्ञान आलं आणि आत्मा डबल रडला! बाईमाणसाचा हात लागला, आता मला शुद्धीचा खर्चा वेगळा!" त्यांनी प्लेअरच्या दांड्याला लाल दोरा गुंडाळून गाठ मारली. "आता माझ्याशिवाय कोणी हात लावला, तर शेठजी कायमचे मुके होतील."

तुळजाबाईंनी वंदनाकडं अशी नजर टाकली, की जणू तिनंच शेठजींना मारलं होतं. राधेश्याम खाली मान घालून एवढंच म्हणाला, "मॅडम, तुम्ही वरच बसा."

वंदना वर जाऊन बसली. लाज वाटत होती, राग येत होता, आणि सगळ्यात वाईट म्हणजे काही कळत नव्हतं. सगळं तर बराबर केलं होतं. तिनं तो कागद पुन्हा समोर पसरला. खालच्या कोपऱ्यात एक रेघ होती आणि शेजारी लिहिलं होतं, ही रेघ दहा सेंटिमीटर भरली पाहिजे. तिनं फूटपट्टी लावली.

सव्वानऊ.

पप्पूच्या मशीननं कागदात मावावं म्हणून सगळं थोडं लहान करून छापलं होतं. आणि पोरांना प्रयोगशाळेत आधी मोजपट्टी तपासा म्हणून रोज ओरडणाऱ्या वंदनानं स्वतः ती तपासली नव्हती. ती एकटीच मोठ्यानं हसली.

दुसऱ्या दिवशी रविवार. संध्याकाळी शेवटचा सत्संग होता, सोमवारी बक्षीसपत्र. वंदना सकाळीच पप्पूकडून कागद परत छापून, रेघ मोजून आली. राधेश्याम दुकानात गेल्यावर ती खाली उतरली. लाडबाई पलंगावर पडून होत्या. ओठ सुकले होते. उशाशी पाण्याचा तांब्या, तो सारखा रिकामा होत होता.

"दादी, माझी चूक सापडली. मला आणखी एकदा सुई बसवू द्या."

लाडबाईंनी तिला पलंगाच्या कडेवर बसवलं. मग म्हणाल्या, "बेटा, एक खरं सांग. ते रडतात का?"

"न्हाई दादी. मला तसं बिलकुल वाटत न्हाई. पण मी कालही अशीच खात्रीनं बोलले होते."

"पूरी जिंदगीत मी त्यांना रडताना बघितलं न्हाई. त्यांची माँ गेली तेव्हा पण न्हाई." लाडबाईंनी दिवाणखान्याकडं बोट दाखवलं. "आता मेल्यावर रडायला लागले, म्हणजे माझ्याकडून काय झालं असेल? मी रोज हेच सोचत बसते. काय कमी केलं मी?"

गोदाम गेलं असतं तर परत मिळालं असतं, एखाद वेळेस. पण ही म्हातारी रोज रात्री स्वतःचा गुन्हा शोधत पडून राहते, हे महाराजांनी कशानं भरून दिलं असतं?

"पण तो दोरा..." वंदना म्हणाली. "महाराज म्हणाले, हात लावला तर..."

लाडबाई उठून बसल्या. हळूहळू भिंतीला धरत दिवाणखान्यात आल्या. शिवणाच्या डब्यातली कात्री काढली आणि लाल दोरा कचकन कापला.

"नवरा माझा," त्या म्हणाल्या. "त्याला हात लावायला भोकरदनच्या बाबाची परमिशन?"

भर उन्हाची वेळ होती, उजेड चांगला होता. वंदना गुडघ्यांवर बसली आणि लाडबाईंनी भिंग धरलं. डबी काडेपेटीहून लहान. नखभर सरकवली तर जास्त, तिळभर सरकवली तर कमी. बाहेरचा ठिपका जुळला की आतला चुके. आतला जुळवला की बाहेरचा चुके. "थोडी इकडं... न्हाई, जास्त झाली," लाडबाई सांगत होत्या. सुईत दोरा ओवण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं, नजर तिथं अजून पक्की होती. शेवटी दोन्ही ठिकाणी डबी रेघांवर अशी सरळ बसली, की जणू कुणी छापून ठेवली. स्क्रू आवळताना ती पुन्हा सरकू नये म्हणून वंदनानं श्वास धरला. मग दांडा अधांतरी समतोल होईपर्यंत मागचं वजन फिरवलं आणि कंपनीनं सांगितलेला भार दिला.

ॲम्प्लिफायर जोडायला ती मागं वाकली आणि तिथंच थांबली. प्लेअरमधून आलेली एक बारीक हिरवी तार मोकळी लोंबत होती. ॲम्प्लिफायरच्या मागं तिच्यासाठी स्क्रू होता, तो कुणीतरी काढून ठेवला होता. ही अर्थिंगची तार. ती सुटली की स्पीकर "घुंSSS" करतो. वंदनाला एकदम जिन्यावरून दिसणारं दृश्य आठवलं. महाराजांची बोटं दांड्यावर, सगळ्यांचे डोळे त्या बोटांवर, आणि महाराजांचा डावा पाय? तो रोज टीपॉयच्या मागं. जमिनीवर ठेवलेल्या ॲम्प्लिफायरच्या अगदी पाठीशी.

"वा रे अंगठेबहाद्दर," ती म्हणाली आणि तिनं तार स्क्रूखाली घट्ट आवळून टाकली.

घरातली दुसरी एक जुनी तबकडी लावून बघितली. शेवटच्या वर्तुळापर्यंत आवाज स्वच्छ.

"आता ह्यांची लावते," वंदना म्हणाली.

"न्हाई." लाडबाईंनी तिचा हात धरला. "सगळ्यांसमोर लाव. रडले तर सगळ्यांसमोर रडू दे. न्हाई रडले तर तेही सगळ्यांनी ऐकू दे."

संध्याकाळी गर्दी रोजच्यापेक्षा जास्त. दोरा गायब बघून महाराजांनी भुवया चढवल्या, पण लाडबाई म्हणाल्या, "मी कापला. लावा तबकडी."

महाराजांनी सुई ठेवली. पहिलं भजन सुरू झालं. महाराज टीपॉयला टेकून, डावा पाय मागं सारून, घुं होण्याची वाट बघू लागले. घुं काही होईना. त्यांनी पाय हलवला. दांड्यावर बोटं टेकवली, उचलली, टेकवली. काळ त्या दिवशी आडवा यायलाच तयार नव्हता.

दुसरं भजन झालं. तिसरं झालं. आवाज घोगरा झाला नाही. बायांनी पदर हातात तयार धरले. राधेश्यामनं डोळे मिटले. लाडबाईंनी वंदनाचं मनगट इतकं घट्ट धरलं होतं, की बांगड्या रुतल्या.

सुई शेवटच्या वर्तुळांपाशी आली. क्षणभर नुसती खरखर. आणि मग साऱ्या दिवाणखान्यात कैलासवासी गिरधारीलालजींचा ठणठणीत, आनंदी आवाज घुमला.

"शेतकरी बंधूंनो! सरस, सकस, स्वस्त! आपल्या म्हशीला रोज द्या... गिरधारी छाप सरकी ढेप! गिरधारी छाप ढेप खाईल, बादली भरून दूध देईल! मिळण्याचं ठिकाण, अंबड!"

आणि वर म्हशीचं हंबरणं. तेही शेठजींनीच काढलेलं. लांब, सुरेल आणि अगदी मनापासून.

चाळीस-पन्नास माणसं हात जोडून म्हशीच्या हंबरण्यासमोर उभी होती.

पहिल्यांदा हसल्या त्या लाडबाई. आधी नुसता खांदा हलला, मग त्यांनी तोंडात पदर कोंबला, मग तो काढून टाकला आणि पोट धरून हसल्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "हेच ते! स्टुडिओतून आल्ते तेव्हा म्हणाले होते, एक ॲडव्हर्टाइज पण टाकली, जीपवर भोंगा लावून गावोगाव वाजवणार. मला कधी ऐकवली न्हाई. लाजले असतील!" मग त्या वळल्या. "राधे, फ्रीजमधून माझं इंजेक्शन आण. जल्दी. आणि डॉक्टरला फोन लाव."

राधेश्याम रडत होता की हसत होता, हे त्याचं त्यालाही कळत नव्हतं. पण तो पळाला.

महाराजांनी सावरायचा प्रयत्न केला. "ही माया आहे! आत्मा निघून गेला आणि म्हशीचा—"

"थांबा महाराज," वंदना म्हणाली. तिनं ॲम्प्लिफायर फिरवून त्याची पाठ गर्दीकडं केली आणि हिरव्या तारेचा स्क्रू सैल केला. "घुंSSSS!" माणसं परत दचकली. "तुळजाबाई, इकडं या. ही तार पायाच्या अंगठ्यानं या पत्र्याला दाबा."

"मला शॉक लागंल!"

"न्हाई लागत. महाराज रोज दाबायचे."

तुळजाबाईंनी देवाचं नाव घेऊन अंगठा टेकवला. घुं बंद. उचलला, सुरू. टेकवला, बंद. त्यांनी चांगलं पाच-सहा वेळा करून बघितलं. "अगं बाई! माझ्या अंगठ्यात पण शिद्धी हाये!"

"काय चालवलंय हे!" महाराज चिडून ओरडले. "अर्थिंग लूज असली की कोणाच्या पण पायानं हमिंग बंद होतं! त्यात काय—"

बोलून गेल्यावर त्यांनी जीभ चावली. पण ते साऱ्या दिवाणखान्यानं ऐकलं होतं.

"महाराज," पप्पूनं हळूच विचारलं, "आत्म्याला अर्थिंग लागतं का?"

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. महाराजांचं नाव संपत. पूर्वी मंडपवाल्याकडं भोंगे लावायचं काम. एका कीर्तनात तार सुटली, घुं झालं, यांनी पाय ठेवून बंद केलं आणि एक म्हातारी पाया पडली. तिथून धंदा बदलला. "भोंग्यात काय मिळतं साहेब?" संपत कुरकुरला. "लोकच पाया पडून राह्यले, तर मी काय करू?"

"पण स्पीकर बंद असताना शेठजी बोलायचे ते?" मागून कुणीतरी हट्टानं विचारलं. "तिथं तर तार न्हवती!"

प्रश्न चांगला होता, आणि वंदना त्याचीच वाट बघत होती. तिनं माळ्यावरची एक तडकलेली, कामातून गेलेली तबकडी प्लेअरवर ठेवली. कोऱ्या कागदाचा शंकू वळला आणि त्याच्या टोकात एक टाचणी खोचली. "चांगल्या तबकडीवर हे करू नका, खराब होईल," ती म्हणाली, आणि फिरत्या तबकडीवर टाचणी अलगद टेकवली.

कागद गाऊ लागला. वीज नाही, स्पीकर नाही. कागदाच्या पुंगळीतून एक बाई स्वच्छ आवाजात गाणं म्हणत होती.

"खाच वाकडी-तिकडी आहे, तिच्यावरून सुई थरथरते. थरथर हवेत पसरली की आवाज. स्पीकर तो फक्त मोठा करतो. स्पीकर बंद केला तरी सुई थरथरतच असते, म्हणून बारीक ऐकू येतं. बस, एवढंच."

तिला वाटलं, झालं, संपलं. तिनं मान वर केली, तर तुळजाबाई समोर आडव्या पडल्या होत्या.

"माउली! कागदाला वाचा फोडली! नादमाता!"

आणि मागच्या चार बायाही वाकल्या. कुणीतरी टीपॉयवरची झेंडूची माळ काढून वंदनाच्या गळ्यात घालायला आणली. पप्पूनं मोबाइल काढून शूटिंग सुरूही केलं. "मॅडम, जरा आशीर्वादाचा हात वर करा ना!"

वंदना थक्क झाली. तिनं तास न् तास खपून एक बाबा उतरवला होता आणि लोकांनी लगेच त्याच पाटावर तिला बसवायला घेतलं होतं. संपतच्या चेहऱ्यावर तर सहानुभूतीच दिसली. सुरुवात अशीच होते, असं काहीतरी त्याला म्हणायचं असावं.

"उठा!" ती ओरडली. माळ तिनं खिडकीतून बाहेर फेकली. "तुळजाबाई, उठा म्हणते ना! हा कागद घ्या. टाचणी तुम्ही धरा."

"मी? न्हाई बाई, मी पापी माणूस."

"टाचणीला पाप-पुण्य कळत न्हाई. धरा!"

तुळजाबाईंनी शंकू धरला. आधी टाचणी घसरली, चर्र झालं. मग टेकली. आणि त्यांच्याच हातातला कागद गाऊ लागला. त्यांचं तोंड उघडं पडलं. बोटांतून थरथर हातात येत होती, त्यांना ती कळत होती.

"अगं, हे तर... हे तर गुदगुल्या होऊन राह्यल्या बोटांना!"

"तोच आवाज. तुम्हाला बोटांनी कळतो, कागदाला सगळ्या अंगानं."

मग रांग लागली. पप्पूनं मोबाइल ठेवून टाचणी धरली. खिडकीतली माणसं दारातून आत आली. राधेश्यामनं धरली. लाडबाईंनी इंजेक्शन घेऊन, चार घास खाऊन झाल्यावर खुर्ची पुढं ओढायला लावून धरली. कागद फाटले, नवे वळले. पप्पूच्या दुकानातले कोरे कागद संपायला आले. बक्षीसपत्राची गोष्ट कुणी काढलीच नाही. संपत गर्दीतून चपला शोधत निघाला होता, पण राधेश्यामनं त्याला दारातच अडवून पोलीस ठाण्यात नेलं. गोदामासाठी नाही, आईच्या औषधासाठी त्यानं तक्रार दिली.

लोक पांगायला लागले, तेव्हा तुळजाबाई वंदनाजवळ आल्या. जरा रागातच होत्या.

"मॅडम, मी रोज इतकी रडले. रोज पाया पडले. मला येडी समजता का तुम्ही?"

"न्हाई तुळजाबाई. आवाज खरा होता, तो मीही ऐकला. घुं खरं होतं, सुई खरी होती. तुम्ही जे ऐकलं ते सगळं खरं होतं. ते कुठून येतं, एवढंच आपण कुणी विचारलं न्हाई. मीसुद्धा पहिल्या दिवशी पट्टी न तपासता आले आणि तोंडावर पडले."

"मंग आता काय करायचं?"

"देवाला हात जोडायचे तर जोडा, तुमच्या घरात, तुमच्या मनानं. पण कुणी म्हणालं, औषध बंद करा, घर लिहून द्या, कारण मला आवाज येतो... तर त्याला म्हणायचं, टीपॉय सरकवा, मागून बघू द्या. खरा असेल तर तो स्वतःच सरकवून देईल. बघू देणार न्हाई, डोळे मिटा म्हणेल, शाप देईन म्हणेल, तर तिथून उठायचं आणि आपल्या माणसाला आधी डॉक्टरकडं न्यायचं."

तुळजाबाईंनी यावर थोडा विचार केला.

"आमच्या गल्लीत एक हाये," त्या म्हणाल्या. "लिंबातून कुंकू काढतो. माझी सून पोटातल्या दुखण्यासाठी त्याच्याकडं जाऊन राह्यली, गोळ्या सोडून." त्यांनी पदर कमरेला खोचला. "चला मॅडम. अजून लई रात झाली न्हाई. लिंबू मी माझ्या घरचं नेते, चाकू बी माझाच. बघते त्यातनं कुंकू कसं निघतं ते."

वंदनानं पायात चपला घातल्या आणि दोघी गल्लीकडं निघाल्या.